कोणत्या भाषेत विचारायचे?

पोर अभ्यासात मागे पडले म्हणजे आपल्या जुन्या घरांतून ठरलेले उपाय निघतात. पहाटे उठवून पाढे म्हणवून घ्यायचे, रात्री बदाम भिजत घालायचे, शिकवणी लावायची. आणि एवढे करूनही प्रगतिपुस्तकातली लाल रेघ हटली नाही, तर ‘आजोळावर गेला आहे’ असे म्हणून मोकळे व्हायचे. माझे अर्धे आयुष्य दांडिया बाजारात गेले आणि पस्तीस वर्षे मी प्राथमिक शाळेत शिकवले. यांपैकी पहिले तीन उपाय मी शेकडो आईबापांना सांगितले असतील. चौथा सांगितला नाही. पण कधी मनात आणला नाही, असे मात्र म्हणवत नाही.

गेल्या श्रावणात धारवाडहून भाचीचा फोन आला. “मावशी, शाळेतून कागद आलाय. त्यावर बहात्तर लिहिलंय.”

“बहात्तर काय वाईट आहेत?” मी म्हटले.

“अगं, मार्क नव्हेत ते. बुद्धी.”

तिचा मुलगा अकरा वर्षांचा, पाचवीत. तिसरीपर्यंत बरा चालला होता. चौथीत घसरला, पाचवीत पार बसला. तेव्हा कुणी तरी शाळेत येऊन त्याची बुद्धी मोजली. चाळीस मिनिटे, सगळे प्रश्न इंग्रजीत. निकालाच्या कागदावर अंक आणि त्याखाली एक ओळ: वेगळ्या शाळेचा विचार करावा. जावई म्हणत होते, “मुलगा आळशी आहे, कागद फाडून टाका.” विहीणबाई नवस बोलल्या होत्या. भाची मधल्या मध्ये रडत होती. “तू मास्तरीण होतीस, तू ये,” म्हणाली. मी गेले.

आम्हा बडोदेकरांना तो मुलूख तसा परका नाही. आपल्या दरबारात गायलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची किराणा गायकी पुढे कुंदगोळच्या सवाई गंधर्वांच्या गळ्यातून धारवाड-हुबळीकडे रुजली, हे आपल्याकडच्या गाण्याच्या बैठकींतून किती तरी वेळा ऐकलेले असते. तिथल्या जुन्या मराठी घरांची रीतही आपल्यासारखीच. आपल्या घरी मराठी, ओट्यावरून उतरले की गुजराती आणि शाळेत इंग्रजी. त्यांच्या घरी मराठी, अंगणात कन्नड, हुबळीच्या बाजारात हिंदी-उर्दू आणि शाळेत पुन्हा इंग्रजीच. १९५६ पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होते. त्यानंतर ते म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. राज्याची नावे बदलली तरी भाचीच्या सासरी चार पिढ्या आमटीला आमटीच म्हणतात, आणि भाजीवालीशी भाव मात्र कन्नडमध्ये करतात.

मिरज-बेळगावावरून गाडी धारवाडला आली तेव्हा बारीक पाऊस लागला होता. घरात शिरताच विहीणबाईंनी मला बाजूला घेतले. “ताई, त्याला त्या बाईंकडे न्यायचं म्हणतात. लोक काय म्हणतील?” त्यांची भीती मला कळली. आपल्याकडे थट्टेत ठाण्या-येरवड्याचे नाव निघते. धारवाडात तर वेड्यांचे इस्पितळ १८४५ सालापासून गावातच आहे. आज ती मानसिक आरोग्याची आणि मज्जाविज्ञानाची मोठी संस्था आहे, परंतु जुन्या माणसांच्या कानातले जुने नाव अजून गेलेले नाही. डोके हा शब्द निघाला की घर गप्प होते. ताप आला तर शेजारीण विचारपूस करते. पोराला दोन गोष्टी एकदम आठवत नाहीत, हे मात्र कुणाला सांगायची सोय नसते.

ज्यांच्याकडे जायचे होते त्या बाई मुलांच्या आणि वयात येणाऱ्या पोरांच्या न्यूरोसायकॉलॉजिस्ट. मराठीत मेंदू-मानसतज्ज्ञ म्हणता येईल. नाव छापू नका म्हणाल्या, म्हणून छापत नाही. माळमड्डीच्या बाजूला एका घराच्या माडीवर त्यांची खोली. तिथे ना गळ्यात अडकवायची नळी, ना सुई, ना औषधाचा वास. एक टेबल, दोन खुर्च्या, पेन्सिली, लाकडी ठोकळे, चित्रांचे पुठ्ठे आणि एक घड्याळ.

“मी औषध देत नाही,” त्यांनी सुरुवातीलाच सांगितले. “मेंदूचा डॉक्टर मेंदूचा फोटो काढतो. फोटोत जखम दिसते; त्या जखमेनं पोराचं काय अडतं, ते दिसत नाही. ते बघायचं काम माझं.”

त्यांच्याकडे कोण येते, हे मी बाहेरच्या बाकावर बसून पाहिले. फेफरे येणारी एक मुलगी, क्षयाच्या मेंदूज्वरातून उठलेला एक मुलगा, दिवस भरण्याआधी जन्मलेले एक पोर आणि अक्षर लागत नाही म्हणून मार खाणारी दोघे-तिघे. प्रत्येकाचे दुखणे निराळे, पण बाईंचा प्रश्न एकच: याच्या डोक्यातले कोणते काम चालते आणि कोणते अडते? लक्ष, स्मरण, भाषा, नजरेने आकार जुळवणे, हाताचा वेग, पुढचा बेत आखणे ही निरनिराळी कामे आहेत आणि एक बिघडले तरी बाकीची शाबूत राहू शकतात. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी अशा चाचण्यांचा एक संच २००४ साली बांधला. मराठी आईबापांना जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे, वेक्सलर यांची मुलांची बुद्धिचाचणी नागपूरच्या डॉ. मालिन यांनी १९६९ साली भारतीय मुलांसाठी बेतली.

पहिल्या दिवशी बाईंनी पोराला हातही लावला नाही, म्हणजे एकही चाचणी घेतली नाही. भाचीला प्रश्न विचारले, तेही तासभर. गरोदरपणी काय झाले, बाळ केव्हा बोलले, पहिला शब्द कोणत्या भाषेतला, आजी गोष्ट कोणत्या भाषेत सांगते, भांडताना कोणती भाषा येते, झोपेत बरळतो ती कोणती. शेवटी विचारले, “कधी डोक्यावर पडला होता?”

भाची गप्प झाली. सहा वर्षांचा असताना दिवाळीत मागच्या भिंतीवरून पडला होता. एक रात्र बेशुद्ध होता. मग शुद्धीवर आला, दहा दिवसांनी घरी आला, महिन्याभरात पळू लागला. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे. आणि तेव्हा तो ठीकच होता. देवाला नारळ फोडून घर ती गोष्ट विसरून गेले होते.

पुढच्या तीन सकाळी चाचण्या झाल्या. नातेवाइकांनी आत बसायचे नसते. आईच्या चेहऱ्याकडे पाहून मूल उत्तर देते. मी बाकावर बसून राही. तिसऱ्या दिवशी पोर खालच्या अंगणात खेळायला गेल्यावर बाई म्हणाल्या, “आता तुम्ही बसा की, मावशी. तुमचीही परीक्षा घेते.”

त्यांनी एक पुठ्ठा समोर ठेवला. त्यावर रंगांची नावे मराठीत छापलेली. पण ‘हिरवा’ हा शब्द लाल शाईत, ‘लाल’ निळ्या शाईत, असा सगळा उलटा कारभार. “शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. भराभर.” मी पस्तीस वर्षांची मास्तरीण! दुसऱ्याच ओळीत जीभ अडखळली. डोळा आधी शब्द वाचून मोकळा होई आणि रंग मागाहून येई. मग त्यांनी तसाच दुसरा पुठ्ठा ठेवला, कन्नड अक्षरांतला. मला कन्नड वाचता येत नाही. तो मी एका दमात म्हणून टाकला, एकही चूक नाही.

बाई हसल्या. “बघा. मेंदू तोच, बाई त्याच, पाच मिनिटांत एकदा ढ आणि एकदा हुशार. काय बदललं? नुसती लिपी.”

मला वाटते, वर्षानुवर्षांच्या नोकरीत मुलांच्या बुद्धीविषयी जेवढे कळले नव्हते तेवढे त्या दोन पुठ्ठ्यांनी कळले.

त्याच वेळी त्यांनी कपाटातून एक जुनी पेटी काढली. “मावशी, हे आमच्या धारवाडचंच अपत्य,” म्हणाल्या. पेटीवर नाव होते बिने-कामत.

तिची कथा ऐकण्यासारखी आहे. पॅरिसमध्ये शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना कसे ओळखावे हा प्रश्न सरकारला पडला, तेव्हा आल्फ्रेद बिने आणि थिओडोर सिमाँ या दोघांनी १९०५ साली प्रश्नांची एक शिडी तयार केली: सोप्यापासून अवघडापर्यंत. तीन वर्षांच्या मुलाला सहसा जे येते ते या पायरीवर, चार वर्षांच्याला येते ते पुढच्या. मूल ज्या पायरीवर थांबेल ते त्याचे मानसिक वय. पुढे जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी या वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना काढली आणि अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ साली त्याला शंभराने गुणून बुद्ध्यंक रूढ केला. बिने यांना अशा एका अंकाचा मोहच नव्हता. बुद्धी जन्मतः ठरलेली असते आणि वाढत नाही, असे म्हणणाऱ्यांचा त्यांनी १९०९ सालच्या पुस्तकात कडक निषेध केला आणि दोन वर्षांनी ते वारले. अंक मात्र जगभर पसरला.

हिंदुस्थानात लाहोरला प्राध्यापक राइस यांनी १९२२ च्या सुमारास ही शिडी हिंदुस्थानी मुलांसाठी बेतून पाहिली. आणि आपल्या मुंबई इलाख्यात, धारवाडकडची हजारावर मुले तपासून व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत उभी केली. त्यांचा निबंध १९३४ साली इंग्लंडमधल्या शिक्षण-मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला, आणि हिंदी मुलांची बुद्धी मोजण्यावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. एकाच गावात, एकाच आळीत, शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन मुलांना एकच प्रश्न एकाच भाषेत विचारणे हा न्याय नव्हे, हे त्या गृहस्थांनी तेव्हा ओळखले होते. आणि त्याच गावात एवढ्या वर्षांनी आमच्या पोराला सगळे प्रश्न इंग्रजीत विचारले गेले!

“मग ह्या पेटीतूनच याची बुद्धी मोजलीत का?” मी विचारले.

“पेटी वापरतात अजून पुष्कळ ठिकाणी. मी जपून वापरते,” त्या म्हणाल्या. जुन्या काळच्या मुलांवर बेतलेली पट्टी आजच्या मुलांना लावली की ती आहेत त्याहून उंच दिसतात. पिढीगणिक अशा चाचण्यांतले गुण चढत गेल्याचे न्यूझीलंडमधल्या जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. म्हणजे परकी भाषा पोराला ठेंगणे दाखवते आणि जुनी पट्टी उंच दाखवते. खरी उंची दोन्हींत नाही. तरी कुणा एका रशियन गृहस्थांचे नाव त्यांच्या तोंडी वरचेवर येई: अलेक्झांडर लुरिया. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला गोळी लागलेले सैनिक तपासता तपासता त्यांनी ही विद्या वाढवली. त्याच्याही आधी, १९३१-३२ मध्ये, ते उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेले होते. तिथल्या न शिकलेल्या बायकांना वर्तुळ दाखवले, तर कुणी म्हणे ताट, कुणी म्हणे चंद्र. वर्तुळ हा शब्द पुस्तकातला; ताट रोजच्या जेवणातले. उत्तर चुकले की प्रश्नच त्या घरचा नव्हता, हे आधी पाहावे लागते. कुठे चुकले यापेक्षा कसे चुकले ते पाहा, ही लुरियांची शिकवण.

आमच्या पोराचे कसे चुकले, ते बाईंनी चौथ्या दिवशी आईबापांना समोर बसवून सांगितले. मलाही बसू दिले.

“पंचवीस लिही म्हटलं की हा पाचावर दोन लिहितो. शाळेनं लिहून पाठवलंय, आकडे उलटे लिहितो, बुद्धी कमी. पण तुम्हीच म्हणून बघा: पंच-वीस. मराठीत पाच आधी येतो, वीस मागून. कन्नडमध्ये इप्पत्तैदु, वीस आधी. इंग्रजीतही वीस आधी. हा घरी मराठीत मोजतो आणि शाळेत इंग्रजीत लिहितो. घाईत पाच आधी उतरतो. हा दोष मेंदूचा नाही, तीन भाषांच्या वाहतुकीचा आहे.”

जावयांचा चेहरा खुलला. “म्हणजे मी म्हणत होतो तेच! तो कागद खोटा.”

“थांबा,” बाई म्हणाल्या. “आता दुसरं ऐका.”

त्यांनी आकड्यांची चाचणी सांगितली. बाई आकडे म्हणतात, मुलाने तसेच म्हणायचे. इंग्रजीत पोर चार आकड्यांवर थांबले. मराठीत सहापर्यंत गेले. म्हणजे पहिल्या कागदाने त्याचे दोन आकडे भाषेपायी कापले होते. पण तेच आकडे उलट क्रमाने म्हणायला सांगितले, तेव्हा इंग्रजीत दोन आले आणि मराठीतही दोनच. गोष्ट सांगायला, शब्दांचे अर्थ सांगायला, कोडे सोडवायला मराठीत तो चांगला; वर्गातल्या पुष्कळांहून सरस. मात्र एक गोष्ट डोक्यात धरून दुसरी करायची वेळ आली, चक्रव्यूहातून आधी वाट ठरवून मग पेन्सिल फिरवायची वेळ आली, की तो थकतो, गडबडतो, सोडून देतो. भाषा बदलल्याने ते सुधारत नाही.

“अंक चुकला होता,” बाई म्हणाल्या, “पण शाळेची काळजी चुकली नव्हती. त्याचं अडतंय. मला वाटतं, ते त्या पडण्यामुळे.”

“पण पाच वर्षं झाली! मधे तर चांगला होता,” भाची म्हणाली.

तेव्हा बाईंनी जे सांगितले ते प्रत्येक आईबापाने ऐकावे असे आहे. मोठ्या माणसाच्या डोक्याला मार बसला तर जे बिघडते ते लगेच दिसते. मुलाचा मेंदू हे बांधून झालेले घर नव्हे; बांधकाम चालू आहे. कपाळामागचा भाग, ज्याच्याकडे बेत आखणे, आवर घालणे, दोन कामे एकदम सांभाळणे सोपवलेले असते, तो तर विशी उलटेपर्यंत तयार होत राहतो. सहाव्या वर्षी वरच्या मजल्याच्या जिन्याला तडा गेला. पण घरची माणसे तेव्हा तळमजल्यावरच राहत होती, तडा कुणाला दिसणार? पहिली-दुसरीत एकच बाई, एकच वही, सांगितले तेवढे करायचे. पाचवीत सहा शिक्षक, वेळापत्रक, फळ्यावरचे उतरवून घ्यायचे, ऐकता ऐकता लिहायचे. आता माणसे वरच्या मजल्यावर राहायला आली आणि जिना वाजू लागला.

जावई बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी त्याला आळशी म्हणून मारलंय.”

बाईंनी त्यावर काहीही म्हटले नाही. नवा अंकही त्यांनी काढून दिला नाही. जावयांनी दोनदा मागितला, तेव्हा म्हणाल्या, “एका अंकात ही दोन्ही सत्यं मावत नाहीत. मिसळली की दोन्ही खोटी होतात. सहा पानांचा अहवाल देते, तो वाचा.” वेगळ्या शाळेची गरज नाही, असे मात्र त्यांनी स्वच्छ लिहिले. एका वेळी एकच सूचना. फळ्यावरचे उतरवायला लावू नये, छापील कागद द्यावा. परीक्षेला जास्त वेळ. झोप पुरी. सायकलवर शिरस्त्राण घातल्यावाचून बसू नये, कारण पुन्हा मार बसणे परवडणारे नाही. आणि दोन वर्षांनी पुन्हा तपासणी, कारण वयात येताना मेंदू पुन्हा मोठ्या उलथापालथीतून जातो. मग त्या स्वतः शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला भेटल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यापासून वाचन-लेखनातल्या अध्ययन-अक्षमतेलाही कायद्यात जागा मिळाली आहे, परंतु अशा पडझडीतून आलेल्या मुलाचे दुखणे शाळेला बसून समजावून सांगावे लागते. ते कुठल्याही एका रकान्यात नीट बसत नाही.

अक्षर न लागणाऱ्या मुलांविषयीही मी त्यांना विचारले, कारण माझा जन्म त्यातच गेला. त्या म्हणाल्या, इंग्रजी अक्षरे सव्वीस. आपली बाराखडी आणि जोडाक्षरे धरली तर मुलाला शेकडो आकृत्या शिकाव्या लागतात. कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेले काम २००७ साली प्रसिद्ध झाले. सगळी अक्षरे पक्की व्हायला तिथे चौथी-पाचवीपर्यंत वेळ जातो, असे त्यांत दिसते. मग दुसरीतल्या पोराला ‘वाचता येत नाही’ असा शिक्का कोणत्या हिशेबाने मारायचा? आणि आपल्या देवनागरीत तर ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चारायची मागाहून! आपल्याला सवयीने ते जाणवत नाही. पोराला जाणवते.

सगळ्यांत शेवटी बाईंनी पोराला बोलावले. “अहवाल आईबापांचा असतो, पण मेंदू त्याचा आहे,” म्हणाल्या. त्याच्याशी त्या मराठीत बोलल्या. “तू गोष्टी छान सांगतोस. अर्थ तुला पटकन कळतो. पण एका वेळी दोन कामं दिली की तुझी गडबड होते. खरं ना?”

त्याने मान हलवली.

“तू लहानपणी पडलास ना, त्यामुळे होतं ते.”

तो बराच वेळ ठोकळ्यांशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मी मुद्दाम करत नाही?”

“नाही.”

“हे बाबांना सांगितलंत?”

“सांगितलं.”

एवढेच बोलणे झाले. खाली उतरताना तो माझ्या पुढे दोन-दोन पायऱ्या घेत गेला. भाची म्हणाली, पडशील! आणि मग आपणच गप्प झाली.

मी आणखी आठ दिवस राहिले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर आता एक पाटी टांगली आहे. तीवर सकाळची कामे एकाखाली एक लिहिलेली असतात; एक झाले की तो ते पुसतो. पहिल्या दिवशी विहीणबाईंनी सवयीने तीन कामे एका दमात सांगितली आणि जीभ चावली. आता नवस फेडायचा की नाही, हा पेच त्यांना पडला आहे. पोर बरे झाले म्हणावे की नाही, ते ठरत नाही. मला त्यांचा पेच खरा वाटला. पोर बरे झालेले नाही. घरच्यांना ते कळू लागले आहे.

परतीच्या गाडीत मात्र माझ्या डोळ्यांसमोर निराळेच पोर येत राहिले. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. प्रत्येक मूल वर्गात येऊन बसले पाहिजे, हे त्या राजाने पाहिले. बसलेल्या मुलाला कळते का, हे पाहणे आम्हा शिक्षकांचे काम होते. माझ्या वर्गात एका फुलवालीचा मुलगा होता. ती पंचमहालाकडून आलेली. शाळा जवळची म्हणून पोराला मराठी शाळेत घातले. दोन वर्षे तो वर्गात बोलला नाही. प्रश्न विचारला की खाली पाही. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी माझ्या सुबक अक्षरात लिहिले होते, ‘मंद’. तिसरीनंतर तो आला नाही.

आज खंडेराव मार्केटात त्याचा फुलांचा गाळा आहे. गुजरातणीशी गुजराती, आपल्या बायकांशी मराठी, उत्तरेकडच्या गिऱ्हाइकाशी हिंदी बोलतो आणि हिशेब सगळा तोंडी. मी दिसले की अजून ‘बाई’ म्हणून वाकतो. इतकी वर्षे त्या वाकण्याचे मला बरे वाटत असे.

धारवाडहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी गेले. गजरा घेतला आणि विचारले, “अरे, लहानपणी तुमच्या घरी कोणती भाषा बोलत?”

त्याचा हात थांबला. मग हसून म्हणाला, “बाई, आता विचारताय?”

त्याने सांगितले. त्या बोलीतला एकही शब्द मला येत नव्हता. तेव्हाही नाही आणि आजही नाही. मग त्याने गजरा पानात बांधला, माझ्या पन्नासाच्या नोटेतून राहिलेले पैसे न पाहता मोजून हातावर ठेवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी घरी येऊन मोजले. बरोबर होते.